पेशंटची तयारी नाही

आमच्या हॉस्पिटलात दुर्बिणीच्या खोलीबाहेर तपासण्यांचे आकडे लिहायचा एक पांढरा बोर्ड लागला आणि त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलं ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. मी शिरूरच्या एका खासगी हॉस्पिटलात सिस्टर आहे. तोंडावाटे किंवा खालून कॅमेऱ्याची लांब नळी घालून पोट, आतडी तपासायची खोली माझ्याकडे आहे. डॉक्टर त्या नळीला स्कोप म्हणतात, आमचे पेशंट दुर्बीण म्हणतात. निमोणे, तळेगाव ढमढेरे, पार दौंडकडचीही माणसं आमच्याकडे येतात, कारण पुण्याला जायचं म्हणजे त्यांचा अख्खा दिवस मोडतो आणि सोबत घरातली दोन माणसं अडकतात.

बोर्ड लावणारे साहेब पुण्याहून आले होते. वय तिशीच्या आतबाहेर, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट. खोलीचं काम भराभर कसं होईल ते बघायला मॅनेजमेंटनं त्यांना पाठवलं होतं. पहिले काही दिवस ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसतं मोजत राहिले. पेशंट टेबलावर किती वाजता आला, नळी किती वाजता आत गेली, किती वाजता बाहेर आली, पुढचा पेशंट कधी आला. मी एकदा शिंकले तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खोटं नाही सांगत. आम्ही त्यांच्या माघारी त्यांना मिनिटवाले साहेब म्हणायचो.

मोजायला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगते. त्यांनी मोजलं म्हणून एक गोष्ट उघडी पडली. आम्ही संमतीच्या कागदावर सही घ्यायचो ती पेशंट टेबलावर आडवा झाल्यावर. मग नातेवाइकाला शोधायला कोणीतरी कॅन्टीनमध्ये पळायचं, नातेवाईक वडापाव अर्धा टाकून हात पुसत यायचा, तोवर डॉक्टर हातमोजे घालून उभे. साहेबांनी सह्या बाहेरच्या बाकावर घ्यायला लावल्या आणि तो सगळा गोंधळ थांबला. सकाळपासून उपाशी बसलेली म्हातारी माणसं लवकर मोकळी व्हायला लागली. मी स्वतः त्यांना म्हटलं, "सर, हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही."

पुढची कुरबूर स्कोप धुण्यावरून झाली. एका पेशंटच्या आतड्यातून निघालेली नळी दुसऱ्याच्या आतड्यात जायच्या आधी पुसायची, आतून ब्रश मारायचा, मशीनमध्ये लावायची, वाळवायची. त्यातलं ब्रश मारणं साहेबांना फार लांबल्यासारखं वाटलं. म्हणाले, "सिस्टर, मशीन धुतंच आहे ना?" मी म्हटलं, "मग पहिल्या पेशंटनंतर तुम्हीच झोपा टेबलावर." डॉक्टर हसले, साहेबांनी पुढचा रकाना उघडला आणि ब्रश वाचला. मला वाटलं, माणूस ऐकणारा आहे, जमेल आपलं.

माझे वडील दौंडला रेल्वेत होते. आमच्या घरी वेळेचं कौतुक कुणाला नवं नव्हतं. जेवताना ते सांगायचे, गाडीला शेवटच्या टप्प्यात वेळ मुद्दाम वाढवून देतात, म्हणजे वाटेत कितीही रखडली तरी दौंडात शिरताना ती कागदावर वेळेवर. वेळेवर म्हणजे काय ते फलाटावर ताटकळलेल्या माणसाला विचारा, म्हणायचे. लहानपणी मी हे ऐकून सोडून द्यायचे.

मग साहेबांनी फॉर्म आणला. एखादी तपासणी उशिरा झाली किंवा रद्द झाली की त्याचं कारण भरायचं. कारणं चार, छापून तयार. पेशंट उशिरा आला. पेशंटची तयारी नाही. पेशंटची कागदपत्रं अपुरी. पेशंटसोबत नातेवाईक नाही. यातल्या एकावर पेनानं खूण करायची, तीच टॅबलेटवर चढवायची, की टॅबलेट पुढे सरकायचा. मी चारही कारणं दोनदा वाचली. विचारलं, "सर, डॉक्टर पुण्याहून निघून रस्त्यात ट्रॅफिकमध्ये अडकले, तर कुठं खूण करायची?" ते म्हणाले, "ते डेटात घ्यायची गरज नाही." "लाइट गेली तर?" "जनरेटर आहे ना." "मशीन बंद पडलं तर?" यावर ते नुसते हसले. म्हणजे आमच्या खोलीत जो काही खोळंबा होईल तो करणार पेशंटच, हे छापतानाच ठरून गेलं होतं. मला राग आला, पण तो मी गिळला. महिनाअखेर होती, ड्युटीचं पत्रक लावायचं होतं, आणि खरं सांगायचं तर खूण करायला सोपी होती.

त्याच सुमारास ती बाई आली. दिवाळी होऊन गेली होती, ऊस डोक्याच्या वर गेला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण चेहरा कागदासारखा पांढरा. नवरा-बायको निमोण्याच्या पुढे एका बागायतदाराच्या रानात राखणीला राहायची. पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून एक खोली, चारी बाजूंनी ऊस. चार महिने तिला चालताना धाप लागत होती, अंगात रक्त राहत नव्हतं, शौचाला काळपट व्हायचं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी उष्णता. आमच्या डॉक्टरांनी मात्र तिचं रक्त बघितलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याची दुर्बीण लगेच करायची, टाळायचं नाही.

या तपासणीची तयारी तिची तिनं घरी करायची असते. आतडं आतून धुतल्यासारखं स्वच्छ लागतं, नाहीतर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. त्यासाठी पावडर दोन लिटर पाण्यात कालवून आदल्या संध्याकाळी सातपासून थोडी थोडी प्यायची. मग रात्रभर दहा-पंधरा वेळा जावं लागतं. हे सगळं समजावून सांगायला साहेबांनी वेळ बांधून दिला होता, एका पेशंटला दोन मिनिटं. मी पावडरची पाकिटं तिच्या हातात दिली, छापील कागद दिला आणि दोन मिनिटांत म्हणून दाखवलं. ती मान हलवत होती. शेवटी मी विचारलं, "कळलं ना मावशी?" ती म्हणाली, "व्हय." नवरा रांगेतल्या पुरुषांसोबत दाराशी उभा होता, तोही म्हणाला, "व्हय."

ठरलेल्या दिवशी ती सकाळी वेळेवर हजर होती. डॉक्टरांनी नळी घातली, डावीकडच्या वळणापर्यंत नेली आणि बाहेर काढली. आत काही दिसतच नव्हतं, सगळं भरलेलं. डॉक्टर चिडले, "हिनं औषध घेतलेलंच नाही." मी खूण केली. पेशंटची तयारी नाही. तिला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तीच नळी, तेच वळण, तोच चिखल. या वेळी डॉक्टरांनी नुसते हातमोजे काढून टाकले आणि पुढच्या पेशंटचा कागद मागितला, मी पुन्हा तीच खूण केली. बोलले ते मी. ती गुंगीतून उठून बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून, बाकीचे पेशंट ऐकत असताना, म्हटलं, "मावशी, दोनदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही का? डॉक्टरांना दुसरी कामं नाहीत का?" हे मी बोलले. माझ्या तोंडून गेलं. त्या साहेबांना मी नावं ठेवते, पण त्या दिवशी माझ्या जिभेवर त्यांचाच फॉर्म बसला होता.

ती पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. नवरा पाणी आणायला गेला, तेव्हा तिनं मला हातानं जवळ बोलावलं. म्हणाली, "बाई, औषद मी घेतलं वो. अर्धंच घेतलं. पन येकदा पोट ढवळाया लागलं की जायाचं कुठं?"

मला कळलं नाही. म्हटलं, "म्हणजे?"

"आमच्याकडं संडास न्हाई. आमी पहाटंच्याला वस्तीवरच्या तिघी-चौघी मिळून जातो, ब्याटरी घिऊन. अंधार पडला की कुनी दाराबाहेर पाऊल टाकीत न्हाई. उसात बिबट्या हाय. परवाच शेजारच्यांची शेळी नेली दावनीतनं. आन् तुमी सांगताय रातच्याला पंधरा डाव जा. अर्धं प्याले आन् दाराला कडी लावून गप पडले, पोट आवळून."

"अहो, मग हे आधी का सांगितलं नाही?"

"सगळी बाप्यं हुबी हुती की वो. आन् तुमी इचारलंत कवा?"

शिरूर तालुक्यात राहून बिबट्या मला माहीत नव्हता असं नाही. आमच्या हॉस्पिटलातल्याच एक आयामावशी संध्याकाळची ड्युटी घेत नाहीत, त्या याच कारणानं. पण कागदावर 'संध्याकाळी सातपासून' छापताना आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ऊस आला नाही. मी तिला दोन मिनिटं दिली होती, आणि त्या दोन मिनिटांत मीच बोलत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिच्याशेजारी बाकावर बसून राहिले. आत पुढच्या पेशंटची नळी धुऊन तयार होती आणि टॅबलेटवर मिनिटं वाढत होती.

उपाय काही अवघड नव्हता. तिला पहाटे हॉस्पिटलात घ्यायचं, इथंच औषध पाजायचं, इथला संडास वापरू द्यायचा आणि दुपारी तपासणी करायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "चालेल की, तसं करतात." मी तारीख द्यायला गेले तर टॅबलेट तारीख घेईना. दोनदा तयारी नसलेल्या पेशंटचं नाव यादीतून आपोआप गळतं, त्यानं पुन्हा बाहेरच्या खिडकीवर केसपेपर काढायचा, पुन्हा डॉक्टरांच्या रांगेत बसायचं, हा नवा नियम. शिवाय दुपारी तपासण्या ठेवायच्या नाहीत, कारण दिवस लांबला की बोर्डावरचा आकडा बिघडतो. आणि फक्त औषध पिण्यासाठी पेशंटला खाट द्यायची नाही, कारण खाट मोकळी राहायला हवी.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "सिस्टर, एका पेशंटसाठी सिस्टीम बदलता येत नाही." मी म्हटलं, "सर, एक विचारू? तुमच्या घरी पलंगापासून संडास किती पावलांवर आहे?" ते गडबडले. म्हणाले, "अटॅच्ड आहे." मी म्हटलं, "तिच्या पलंगापासून चार पावलांवर उसाचा बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे बिबट्या आहे. ती तुमच्या कोणत्या कारणात बसते ते सांगा, मी खूण करते." त्यांनी टॅबलेट उघडला, बंद केला. म्हणाले, "मी वर बोलतो."

वर बोलण्यात किती दिवस जातात ते सरकारी असो की खासगी, सगळीकडे सारखंच. डॉक्टर एका लग्नाला गेले. मग दुपारची परवानगी आली तर खाटेची आली नाही. मधेच हॉस्पिटलच्या तपासणीसाठी बाहेरून माणसं येणार म्हणून आम्ही आठवडाभर फाइली लावत बसलो, आणि त्या आठवड्यात मी त्या बाईचा पाठपुरावा केला नाही. विसरले. हे मी कुणावर ढकलत नाही. नवऱ्याचा दोनदा फोन आला होता, "शिस्टर, तारीक कवाची?" दोन्ही वेळा मी म्हटलं, कळवते मामा.

त्या महिन्यात बोर्डावर हिरवा रंग आला. रद्द झालेल्या तपासण्या कमी झाल्या होत्या. कमी का होणार नाहीत? ज्यांची तयारी होत नव्हती ती माणसं यादीतच नव्हती. मॅनेजमेंटनं पेढे वाटले, आमच्या खोलीला एक चकचकीत प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. फोटोत मी पुढच्या रांगेत आहे. पेढाही खाल्ला. तो घशाखाली गेल्यावर मला निमोण्याच्या रानातली ती बाई आठवली आणि मी तशीच ड्युटीच्या कपड्यांत तिच्या नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "मामा, उद्या पहिल्या गाडीनं घेऊन या. परवानगीचं मी बघते."

परवानगी मी बघितलीच नाही, डॉक्टरांना तेवढं सांगून ठेवलं. स्टाफचा संडास आहे, त्याच्या बाहेर एक खुर्ची टाकली, उशी आणली, अंगावर घ्यायला चादर दिली. सकाळी सहाला ती आली तेव्हा पावडर कालवून तयार होती. ती एकेक ग्लास पीत होती आणि माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा पोटात कळ आली तेव्हा सवयीनं दाराकडे बघून म्हणाली, "जाऊ का?" मी म्हटलं, "जा, कितीदा पण जा. कडी आतनं लाव." त्या सकाळी ती किती वेळा गेली ते मी मोजलं नाही. दहा वाजता साहेब आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. बोलले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

दुपारी डॉक्टरांनी नळी घातली. डावं वळण गेलं, वरचा आडवा भाग गेला, उजवं वळण गेलं. सगळं लख्ख होतं. उजवीकडच्या वळणाच्या पुढे ती गाठ होती. पडद्यावर आम्हाला सगळ्यांना दिसली. डॉक्टरांनी गाठीचे बारीक तुकडे तपासायला घेतले आणि नळी बाहेर काढली. नंतर हात धुताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीनंतर पहिल्यांदा आली तेव्हाच बघायला हवी होती ही." मी म्हटलं, "आलीच होती की सर तेव्हा." त्यांनी नळ बंद केला.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, तेही सांगायला हवं. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात फॉर्म सुधारला. मला दाखवायला आणला, जरा खुशीत होते. पाचवं कारण टाकलं होतं. पेशंटच्या घरी सुविधा नाही. मी तो फॉर्म हातात घेऊन पुन्हा वाचला. पुन्हा पेशंटच. त्यांना वाटलं मला आवडला. मी म्हटलं, "सर, 'आम्ही विचारलं नाही' असं एक कारण टाका की." ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं. ऑपरेशन लागेल, पुण्याला पाठवतो, बरं होण्याची आशा आहे, पण किती पसरलंय ते पोट उघडल्यावर कळेल. नवरा खुर्चीच्या काठावर बसून सगळ्याला व्हय व्हय म्हणत होता. ती बाहेर माझ्याजवळ होती. तिला तिच्या नवऱ्याच्या तोंडावरूनच कळलं. थोड्या वेळानं मला म्हणाली, "बाई, मी भ्याले म्हून हे वाढलं व्हय? जरा जिवावर उदार हून गेली आसते बाहीर, तर लवकर घावलं आसतं का?"

म्हणजे तिनंही तीच खूण केली होती. आम्ही दोन महिने जे लिहीत होतो ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, तरी तिला ते पाठ झालं होतं. मी म्हटलं, "नाही मावशी. तुम्ही घाबरलात ते बरोबरच होतं. उशीर आम्ही केला. मी केला. दोन्ही वेळा माझ्याच हातानं लिहिलं की तुमची चूक आहे."

मला वाटलं ती चिडेल, शिव्या देईल, निदान हात तरी झटकेल. मी वाट बघत होते. तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं थोपटत म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमच्या हातात काय हुतं?"

माझ्या हातात पेन होतं.